रोह्याचं तोंड

अल्लीपुरात विमलाबाईला पाठीमागं ‘काऊनकाकू’ म्हणतात, आणि ते तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणू देत. बाईला लहानपणापासून ‘काऊन’, म्हणजे ‘का’, विचारायची खोडच. लाइनमन खांबावर चढला की हिनं खालून विचारायचं, एवढा वेळ काऊन लागते. नर्सबाईनं सुई टोचली की हिचं सुरू, याच दंडात काऊन. नवरा वासुदेवराव चाळीस वर्षं उत्तरं देऊन थकला. आता तो नुसता कान खाजवतो.

अशा बाईला गप्प केलं ते तिच्या नातीनं. आकांक्षा वर्ध्याला नववीत. शाळेत प्राण्यांची वही करायची होती, आणि घरातल्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं, असं त्यांच्या बाईंचं सांगणं. तिनं आजीला विचारलं, रोही कसा दिसते? आता शहरातली माणसं ज्याला नीलगाय म्हणतात, तो आमचा रोही. विमलाबाईनं जन्मभर हरभऱ्यातून, तुरीतून रोहीच तर हाकलले होते. ती ऐटीत सांगायला बसली. मागून निळसर काळा, शेपटी अशी, पळताना माती अशी उडते. मग नात म्हणाली, ‘आणि तोंड?’

विमलाबाई आठवायला लागली. रात्री टॉर्चच्या उजेडात दिसायचे दोन डोळे, आणि दिवसा पळती पाठ. तोंड तिनं कधी पाहिलंच नव्हतं! नातीनं फोनवर फोटो दाखवला, तर आजी म्हणे फोटोतला कोण्या गावचा, कोणाले ठाऊक. आपल्या डोळ्यानं पाहिल्याशिवाय वहीत लिहू देणार नाही. हट्टच धरला बाईनं.

म्हणूनच जानेवारीत मुलानं, सचिननं, नातीसह सगळ्यांना घेऊन बोरच्या जंगलाला तंबूत राहायला जायचं काढलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी पिशवी भरली ती विमलाबाईची. वासुदेवराव कुरकुरला, की सारा जन्म पिकाची जागल मचाणीवर केली आणि आता हौसेनं बाहेर झोपायला चाललो. पण काठी मात्र त्यानं सोबत घेतलीच. तंबू पाहून विमलाबाईनं त्याची चेन चारदा वर-खाली केली. इथं कुलूप काऊन नाही, हे तिनं तिथल्या माणसाला विचारून घेतलं, तेव्हा कुठं ती आत शिरली.

दुपारी जिप्सीतून सगळे जंगलात गेले. बाकीच्यांना वाघ पाहायचा होता. विमलाबाईनं गाइडला रोह्याचा पत्ता विचारला, तर तो हसला, म्हणाला दिसन, पण बोलू नका, हलू नका. तासाभरानं एका वळणावर खरंच दिसला. रस्त्याला लागून, जेमतेम वीस पावलांवर. तोंड झुडपात आणि पाठ इकडं. विमलाबाईनं श्वास रोखून धरला. रोह्यानं पाला ओढला, चावला आणि हळूहळू मान वळवायला घेतली.

नेमकी तेव्हाच ती उभी राहिली. कशी राहिली, ते तिचं तिला कळलं नाही. दोन्ही हातांची टाळी वाजली आणि घशातून हाळी निघाली, ‘हुऽड! हाड, हाड!’ रोही उधळला. पुन्हा तीच पाठ, तीच शेपटी.

सचिन पोट धरून हसला. गाइडनं बराच वेळ समज दिली. आकांक्षानं आजीचा हात धरला, पण आजीनं तो सोडवून घेतला. तिला स्वतःच्या हातांचा राग आला होता. सकाळी परत निघायचं होतं, आणि दुसरी फेरी काही ठरलेली नव्हती.

पहाटे उजाडता उजाडता ती तोंड धुवायला तंबूमागं गेली. तिथं तारेचं कुंपण होतं आणि पलीकडं कोणाचं तरी हरभऱ्याचं वावर. वावरात रोही उभा होता. थेट तिच्याकडं तोंड करून.

विमलाबाईनं शालीच्या आत एका हातानं दुसरा हात गच्च धरला. आणि पाहिलं. गळ्यावर हा एवढा पांढरा डाग. त्याच्याखाली केसांचा झुपका. गालावर दोन पांढरे ठिपके, आणि पापण्या किती लांब! वासुदेवराव भाकर चावतो, तसा निवांत चावत होता तो. तिला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

रोह्यानं पुन्हा तोंड घातलं. भरत आलेल्या घाट्यांसकट एक झाड उपटलं, मग दुसरं. हे वावर कोण्या बाईनं वाकून वाकून निंदलं असेल, हे विमलाबाईला काय कळत नव्हतं? तरी ती मनाशी म्हणाली, अजून एक घास. मग अजून एक. पाचव्या घासाला मात्र तिच्यानं राहवलं नाही. तिनं हात सोडले, टाळी वाजवून हाळी दिली, तसा रोही पळाला.

हाळी ऐकून धुऱ्याच्या बांधावरून एक बाई बादली घेऊन धावत आली. शोभाबाई तिचं नाव, वावर तिचंच. पाहुणी असून रोही हाकलला म्हणून ती आभार मानायला लागली. ते आभार काही विमलाबाईच्या घशाखाली उतरेनात.

‘बाई, म्या लवकर नाही हाकलला,’ ती म्हणाली. ‘त्याचं तोंड पाहाचं होतं मले. तुमच्या हरभऱ्याचे पाच घास खाऊ देल्ले.’

शोभाबाईनं उपटलेल्या झाडांकडं पाहिलं. विमलाबाई मान खाली घालून शिव्या खायला तयार उभी राहिली. शोभाबाईनं बादली खाली ठेवली आणि ती तारेजवळ आली.

‘कसं असते वं त्याचं तोंड?’

विमलाबाईनं तंबूकडं वळून नातीला हाक मारली, वही घेऊन ये म्हणाली, आणि तिथंच कुंपणाशी सांगायला बसली.