दादाचा रोज ताजा सर्व्हर

माझ्या थोरल्या मावसभावाइतका जुन्याला चिकटून बसलेला माणूस अख्ख्या गिरणगावात सापडायचा नाही. दादाच्या शर्टाचं कापड वर्षानुवर्षं हिंदमाताच्या एकाच दुकानातलं, एकाच पट्ट्यांचं. लालबागला मसाला कुटायला नेला की मावशीच्या प्रमाणात एक मिरची इकडची तिकडे होऊ देणार नाही, डंकासमोर पहारा देत उभा. असा हा माणूस सर्व्हरच्या बाबतीत मात्र पक्का उडाणटप्पू निघावा, हा धक्का मला अजून पचलेला नाही!

आमच्या चाळीने जमवलेली रक्तदात्यांची यादी दादा सांभाळायचा त्या सर्व्हरवर. परळच्या इस्पितळांतून नातेवाईकांचे फोन येतात, आम्ही यादीतून माणूस शोधून धाडतो. म्हणजे मशीन बसलं की कुणाचा तरी जीव टांगणीला. अशा मशीनवर शहाणा माणूस दोन-दोन वर्षं न हलणारी, मुरलेली म्हणजे 'स्टेबल' लिनक्स प्रणाली टाकेल. दादाने टाकली ती रोज बदलणारी! सकाळी चहाआधी अपडेट. वर मलाच सांगायचा, "शिळं खाऊ नये रे." एका मंगळवारी अपडेट झालं आणि यादी उघडेचना. नेमका तेव्हाच फोन, एका बाईचं ऑपरेशन, ओ निगेटिव्ह तासाभरात हवं. "दादा, कितीदा सांगितलं तुला, स्टेबल टाक म्हणून!" मी किंचाळलो. "बोंबलू नको मेल्या," दादा म्हणाला, "लिही. शिवडीचा नाईक, कोळीवाड्यातला मास्तर. खालची डिसोझाबाई नको, तिने गेल्याच महिन्यात दिलंय." नंबरांसकट सगळी यादी तोंडपाठ! बाई वाचली. मी दोन दिवस दादाशी बोललो नाही.

मग त्याचे गुडघे गेले, तीन जिने झेपेनात. डोंबिवलीला लेकीकडे जायच्या आदल्या दिवशी त्याने मशीन माझ्या घरी आणून ठेवलं. चालू करून बघतो तर काय, त्यात मुरलेली लिनक्स! मी उडालोच.

"बिघडलं तर मी होतो ना इथे," दादा म्हणाला. "आता कोण आहे? तू? तुला पासवर्ड आठवत नाही."

तेव्हापासून सर्व्हर एकदाही पडलेला नाही. दादा रोज चहाआधी फोन करतो, "चालूय ना रे?" मी "चालूय" म्हणतो, आणि पलीकडे तो गप्प होतो. ते गप्प होणं मला ऐकवत नाही. म्हणून परवा खोटंच सांगितलं, "दादा, यादी उघडत नाहीये."

"ते राहू दे, आधी सांग, कुठलं रक्त हवंय?" असं म्हणत तो नावं सांगायलाही लागला. मला लाज वाटली, रडूही आलं. पण मी त्याला थांबवलं नाही.