दुलईची खोळ

गल्लीत कुजबुज अशी होती, की सुतारमिस्त्रीने पन्नाशी उलटल्यावर बाई ठेवली. पुरावा रोज संध्याकाळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून चालत जायचा. मिस्त्रीचं घर दुकानामागच्या अंगणापलीकडे, मोजून पंधरा पावलं. पण दुकानाचं दार ओढून घेतलं की गडी त्या पंधरा पावलांकडे पाठ फिरवायचा आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीकडे जायचा. ही इस्त्रीवाली एकटी राहणारी, हाताने जड आणि तोंडाने त्याहून जड. अर्ध्या तासाने मिस्त्री बाहेर यायचा तो ओल्या केसांचा भांग पाडून, दुसरा सदरा घालून, साबणाचा वास मारत.

समोरच्या शिंप्याची सुई एक वेळ थांबेल, जीभ थांबत नसे.

"नवरदेव, कोटाचं माप द्यायचं राहिलं तुमचं."

"आधी मागच्या वर्षीची विजार द्या," मिस्त्री न थांबता म्हणायचा.

शिंप्याच्या दुकानात हशा व्हायचा आणि लगेच ओसरायचा, कारण तेवढ्यात मागच्या घरातून खोकला ऐकू यायचा. मिस्त्रीची बायको वर्षभर अंथरुणाला खिळली होती. म्हणून तर कुजबुजीला एवढी चव.

त्या खोकल्याची गोष्ट बारा वर्षं मागे जाते, रंध्याचं मशीन आलं त्या दिवसापर्यंत. हातरंधा मोठा सालस असतो. पातळ पापुद्रे काढतो, ते वेटोळी होऊन पायाशी पडतात, झाडूने गोळा केले की झालं. मशीन मात्र थुंकतं. एक फळी या बाजूने सारली की त्या बाजूने टोपलीभर ढलप्या, आणि वर आग लागल्यासारखी धूळ. शिवाय ढलप्या वेळेवर हलल्या नाहीत तर मशीनच्या रुळाखाली चिरडून परत फळीतच घुसतात. गुळगुळीत लाकडावर देवीचे व्रण उठावेत तसे खड्डे. एका गिऱ्हाइकाने कपाटाची दोन्ही दारं परत आणून टाकली तेव्हा मिस्त्रीने डोकं धरलं.

मोठ्या कारखान्यात धूळ ओढून घेणारं वेगळं यंत्र असतं, ते त्याने पाहिलं होतं. पण ते या दुकानात ठेवलं असतं तर मिस्त्रीला रस्त्यावर बसावं लागलं असतं. त्याने पाणी शिंपडून पाहिलं, तर मशीनच्या लोखंडाला तांब चढली. पंखा लावून पाहिला, तर सगळी धूळ समोर जाऊन शिंप्याच्या पांढऱ्या कापडावर बसली आणि आठ दिवस दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

वाट काढली ती बायकोने. तिने दुलईची जुनी खोळ घेतली, तिच्या तोंडाला नाडी ओवली आणि मशीनच्या तोंडाला बांधून दिली. मशीन सुरू झालं की खोळ गाभण म्हशीसारखी फुगायची. ढलप्या आत, फळी स्वच्छ. मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या घरात माझ्यापेक्षा शिकलेली तीच."

एकच कटकट होती. ढलप्या पोत्यात ओतल्या तरी बारीक भुकटी कापडाच्या विणीत अडकून राहायची. मग हवा पुढे जायची नाही, खोळ तटतटायची, मशीन गुदमरायचं. म्हणून रोज संध्याकाळी खोळ उलटी करून झटकावी लागे. दारातच झटकली तर शिंपी कात्री घेऊन धावला असता, म्हणून मागच्या अंगणात.

पहिले दोन महिने ती मिस्त्रीने झटकली. सकाळी उठला की खोकून खोकून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. एका संध्याकाळी त्याने खोळ बायकोच्या हातात दिली.

"अगं, ही तूच झटकत जा. माझा हात जड, शिवण उसवते."

"दुलईसारखीच झटकायची ना? त्यात काय एवढं," ती म्हणाली.

पंधरा दिवसांत त्याचा खोकला गेला. बरं वाटलं, एवढं त्याला कळलं. का बरं वाटलं, हे विचारायला तो थांबला नाही. आणि पुढची अकरा वर्षं ती बाई रोज दिवेलागणीला अंगणाच्या मध्यभागी उभी राहून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन, ती खोळ झटकत राहिली. तेवढ्या वेळापुरती ती धुळीत दिसेनाशी व्हायची. मग पदराने तोंड पुसत घरात यायची.

मग तिलाच खोकला लागला, आणि तो हटेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरात धुळीचं काम कोण करतं?"

"मी," मिस्त्री म्हणाला. ते खोटं नव्हतं. शेजारी बसलेल्या बायकोनेही मान हलवली.

डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं. फुप्फुसं कडक झालीत, ती परत मऊ होत नाहीत, म्हणाले. जे उरलंय ते सांभाळायचं. धूळ तिच्या आसपास नको. तुम्ही कामावरून तसेच घरात जाऊ नका, आंघोळ करा, कपडे बाहेर ठेवा.

घरी येईपर्यंत मिस्त्रीला सगळं उमगलं होतं. त्याने खोळ सोडून माळ्यावर कोंबली. मशीन रस्त्याकडच्या दाराशी ओढलं. स्वतःच्या तोंडाला ओलं फडकं बांधायचं, दोन फळ्या झाल्या की थांबायचं, ओल्या गोणपाटाने ढलप्या ओढून घ्यायच्या. काम निम्म्यावर आलं. घरातली मोरी बायकोच्या खाटेला लागून, तिथे अंग धुतलं तरी आधी कपडे झटकले जाणारच. अंगण उघडं आणि घराच्या दाराशीच, वारा धूळ आत आणणार. म्हणून इस्त्रीवालीची मोरी. बायकोला मात्र तो काही बोलला नाही. धूळ वाईट, एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न खोळीचा आला असता.

कुजबुज तिच्यापर्यंत पोचवली तिच्या नणंदेने, म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीने. ही विचारपूस करायला यायची आणि जाताना माणसाला अधिक आजारी करून जायची.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "कोण आहे हो ती?"

"कोण कोण?"

"लपवू नका. मला आता भांडायला दम नाही, तेवढा तुमचा फायदा."

मिस्त्री उशीची खोळ नीट करत राहिला. "लोकांना कामं नाहीत," एवढंच म्हणाला.

तिने भिंतीकडे तोंड केलं. आठ दिवस ती त्याच्याशी गरजेपुरतं बोलली, आणि गरजाही तिने कमी केल्या.

नवव्या दिवशी इस्त्रीवाली स्वतःच दारात उभी राहिली, धुतलेल्या सदऱ्यांची चळत घेऊन. मिस्त्री नेमका घरात होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"वहिनी, तुमच्या नवऱ्याच्या खिशातून रोज मूठभर भुसा निघतो, तो मी झाडते. एवढंच आमचं नातं. तुम्हाला धूळ लागू नये म्हणून हा माणूस माझ्या मोरीत दात वाजवत थंड पाण्याने आंघोळ करतो. आणि नाव माझं जातंय." सदरे खाटेवर ठेवून ती निघून गेली.

बायकोच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "एवढंच होतं तर सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

तिचं हसू तसंच राहिलं, आणि मग हळूहळू ती काहीतरी हिशोब लावतेय असं त्याला दिसू लागलं.

"सदऱ्यावरची एवढीशी धूळ मला चालत नाही," ती म्हणाली. "मग खोळीतली?"

तो खाटेवरचे सदरे उचलू लागला.

"तुम्हाला खोकला होता तेव्हा. मी विसरलेच होते. दुलईसारखीच झटकायची, मी म्हणाले होते."

"मला माहीत नव्हतं गं."

"खोकला गेला, हे तर माहीत होतं ना?"

तो सदरे घेऊन बाहेर गेला. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

दोन दिवसांनी नणंद आली. मिस्त्री उंबऱ्याशी बसला होता. नणंदेने आवाज खाली आणून विचारलं, "मग? विचारलंस का त्याला?"

"विचारलं," बायको म्हणाली. मिस्त्रीने वर पाहिलं. तिची नजर त्याच्यावरच होती. "आहे म्हणे. असू दे. पुरुषमाणूस आहे."

संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं. इस्त्रीवालीने मिस्त्रीला मोरीचं दार बंद केलं. बायको पुढे सात आठवडे जगली. ते सात आठवडे तो अंगणात थंड पाणी घेत राहिला आणि शिंपी त्याच्याशी बोलेनासा झाला. खरं काय ते सांगायला मिस्त्रीला कुणी अडवलं नव्हतं. त्याने सांगितलं नाही.

बाई नव्हती. तो तिथे आंघोळ करायचा आणि धुळीचे कपडे टाकायचा. बायको गेली ती खोळ झटकून, आणि खोळ तिच्या हातात त्यानेच दिली होती.