अंबुबाईची वाट चर्चमधून

आमच्या अंबुअक्काला गावात भांडकुदळ म्हणतात. म्हणोत मेले! मी तिची धाकटी जाऊ, मथुरा. एका चुलीवर तिच्यासोबत उभा जन्म काढलाय. ती कुणाच्या वाटेला जात नाही. पण कुणी तिची वाट अडवली तर विसरतही नाही.

सर्जापूर रोडवर तेव्हा एवढी अपार्टमेंटं नव्हती. आमचं गाव, नाचणीची शेतं आणि मधोमध प्रोटेस्टंट लोकांचं दगडी चर्च. चुना-गुळाच्या गाऱ्यात बसवलेला दगड, वर मंगळुरी कौलं, टोकदार कमानींच्या खिडक्या, पुढं बुटकं घंटाघर. समोरून बघाल तर झकास. मागं गेलात की हसू यायचं, कारण मागचा एक कोपराच नाही! भाकरीचा लचका तोडावा तशी भिंत आत वळलेली. बाहेरचे लोक विचारायचे, गवंडी पिऊन आला होता काय? पिऊन कशाला येईल? आमच्या आजेसासऱ्यांनी, विठोजींनीच बांधलंय ते. जागाही त्यांचीच. मिशनरी साहेबाला म्हणाले, "देवाचं घर बांधून देतो, पण कोपऱ्यावरची आमची विहीर आणि तिची वाट उघडी राहायला हवी." साहेब "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि भिंत वळवली. कागद नाही, सही नाही. आम्ही हिंदू, ते ख्रिस्ती, पाणी सगळ्यांचं एक. तीन पिढ्या कुणाची तक्रार नव्हती.

मग चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी झाला देवदान. चौऱ्याण्णव साली त्याला चर्च चौकोनी हवंसं वाटलं. त्यानं तो लचका बुजवला आणि विहिरीभोवती सिमेंटची खोली बांधली. बाहेरून दार नाहीच. आतून, वेदीच्या मागं एक दार, त्याला कुलूप. आम्हाला म्हणाला, "पाणी लागलं तर मागा, किल्ली माझ्याकडं असते." आमच्याच विहिरीची किल्ली! मी त्याच दिवशी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

त्याच उन्हाळ्यात अक्काचे यजमान, माझे थोरले दीर परसूअण्णा, पोटाच्या दुखण्यानं गेले. शेवटच्या सकाळी नळाचं पाणी तोंडात घातलं की थुंकायचे. "विहिरीचं आण," एवढंच म्हणायचे. अक्का घागर घेऊन पळाली. रविवार होता, आत उपासना चाललेली, दारात देवदान उभा. ती म्हणाली, "माणूस चाललाय रे. किल्ली दे." तो म्हणाला, "उपासना संपू दे, मग ये." ती रिकाम्या हातानं परत आली तेव्हा अण्णांचे डोळे मिटले होते. तहानलेला गेला माझा दीर.

तेही गिळलं असतं हो आम्ही. पण तेरावं झाल्यावर अक्का त्याला जाब विचारायला गेली, तर चार माणसांत तो म्हणतो काय, "ही आलीच नव्हती. मी प्यायच्या पाण्याला नाही म्हणेन? दुःखानं बाईचं डोकं फिरलंय." चोराच्या उलट्या बोंबा! आणि गावानं माना डोलावल्या. नवऱ्याला पाणी न पाजलेली आणि वर खोटं बोलणारी, अशी अक्काच ठरली. घरी येऊन ती मला म्हणाली, "चार माणसांत खोटं बोललाय, मथुरा. चार माणसांतच त्याच्याकडून खरं वदवून घेईन."

चर्चच्या फाटकावर पाटी आहे, 'सर्वांचे स्वागत'. पुढच्या रविवारपासून अक्का भर उपदेशात आत शिरू लागली. कमरेवर रिकामी घागर, बाकांच्या मधून सरळ वेदीपर्यंत. पाण्याला आपण नाही म्हणत नाही हे दाखवायला देवदान आता रविवारी मागचं दार उघडं ठेवायचा. आत जाऊन पाणी शेंदायची, आणि कप्पी अशी किंचाळायची की पाद्र्यांना थांबावं लागायचं. कप्पीला तेल घालायची काय बिशाद कुणाची! मग भरली घागर घेऊन देवदानाच्या बाकापाशी स्वल्प थांबायची, त्याच्या तोंडाकडं बघायची आणि बाहेर. दर रविवारी हेच. भरल्या चर्चमधून विधवेला ढकलणार कोण? त्यानं पाद्र्यांकडं तक्रार केली, तर ते म्हणाले, "पाणी न्यायला येते ना? नेऊ दे."

अठ्ठ्याण्णव साली देवदानाच्या लेकीचं, सुगुणाचं लग्न निघालं. एरवी हा गावभर सांगायचा, आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही. पण नवरीला विधवा रिकामी घागर घेऊन आडवी येणार म्हटल्यावर त्याची झोप उडाली. आदल्या दिवशी बायकोला साडी देऊन पाठवलं. अक्कानं साडी परत केली.

लग्नाच्या सकाळी सुगुणा गाडीतून उतरली. पांढरी साडी, डोक्यावर जाळी, हातात फुलं. बापानं तिचा हात आपल्या हातात घेतला. आणि चर्चच्या दारात अक्का, रिकामी घागर घेऊन. मी तिच्या मागं. वऱ्हाडातली एक म्हातारी "अय्यो!" करून खालीच बसली.

"अक्का, बाजूला हो ना," देवदान म्हणाला.

"होते. अण्णा गेले त्या सकाळी मी आले होते की नव्हते, तेवढं सांग."

"आज कसलं काढतेस ते! मुलीचं लग्न आहे माझ्या."

"म्हणून तर आज."

सुटातला माणूस घामानं निथळत होता. पुटपुटला, "आली होतीस."

"मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू जाऊ दे."

"आली होतीस! माणूस चाललाय म्हणालीस! मी किल्ली दिली नाही! झालं?"

झालं. अक्का बाजूला सरली. पण सुगुणा जागची हलेना. परसूअण्णांच्या खांद्यावर बसून वाढलेली पोर ती. बापाला म्हणाली, "अप्पा, तुम्ही सांगितलंत अक्का खोटारडी आहे. मी तिच्याशी बोलणं टाकलं." तिनं त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि एकटीच आत चालत गेली. तो पायरीवरच उभा राहिला. कुणी त्याला आत बोलावलं नाही.

घरी येताना मीच जरा चरकले. म्हटलं, "अक्का, पोर बापाला तोडून गेली गं. एवढं व्हायला हवं होतं का?"

"हवं होतं," अक्का म्हणाली. "बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? आपलं माणूस हातातून सुटतं तेव्हा काय होतं, ते त्यालाही कळू दे."

खरं सांगते, मलाही बरंच वाटलं.