काळी वायर, पांढरी वायर

सोनाळ्याच्या बाजाररस्त्यावर अब्दुल गनीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची बायको नूरबी बसायची. गिऱ्हाईक गनीला ओळखायचं. काम नूरबी करायची. गनी खामगाव-अकोल्याच्या लिलावातून जुना इलेक्ट्रॉनिक माल किलोवर तोलून आणायचा. मोबाईल टॉवरवरून उतरवलेले सप्लाय, बंद जिनिंगचे काटे, बँकेनं फेकलेले बॅटरीचे डबे. कोणाची वायर उंदरानं कुरतडलेली, कोणाला आधीच्या मिस्त्रीनं अर्थिंगच्या जागी फेज जोडलेला. नूरबी ते उघडायची आणि कुठं काय उलटं झालं ते शोधून सुलटं करायची.

तिची शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं तिला करंटनं शिकवलं. उजव्या तळव्यावर तीन डाग होते आणि प्रत्येक डागाचं कारण ती सांगू शकायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ज्यापुढं गनीनं हात टेकले होते असा एक रेडिओ तिनं चालू केला, तेव्हापासून पाना-पेचकस गनीनं तिच्या हाती दिला तो परत घेतला नाही. बाजारात कोणी विचारलं तर तो मात्र सांगायचा, "मीच केलं." नूरबीला त्याचं काही वाटत नव्हतं. माल बरोबर चालला की तिचं समाधान व्हायचं.

बोंडअळीनं बीटी कपाशी पोखरली त्या सालची ही गोष्ट. महागाचं बियाणं, त्यावर महागाचे फवारे, आणि एवढं करून जी बोंडं शाबूत राहिली ती सातपुड्यातून उतरणारी रोही, म्हणजे नीलगायी, खाऊन जायची. रोही एका रात्रीत अर्धा एकर भादरतात. म्हणून त्या वर्षी गावोगाव झटका मशीन बसल्या. ही मशीन शेताभोवतीच्या तारेत क्षणभर करंट सोडते आणि क्षणभर थांबते. जनावराला तडाखा बसतो, जीव जात नाही. कंपनीची मशीन परवडत नाही असे लोक गनीकडे यायचे. नूरबी टॉवरच्या डब्यांतून तशी मशीन बांधून द्यायची. तेरा दिल्या होत्या, एकीचीही तक्रार नव्हती.

चौदावी गुलाबरावांनी नेली. पन्नास एकरांचे धनी, आवाज मोठा, मारायला हात त्याहून मोकळा. तिच्यासाठी वापरलेला डबा परदेशातून आलेला होता. आतल्या वायरी तीन रंगांच्या होत्या, काळी, पांढरी आणि हिरवी. हिरवी अर्थची, हे जगभर तेच. काळी म्हणजे न्यूट्रल, हे आमच्याकडच्या प्रत्येक मिस्त्रीच्या बोटांत भिनलेलं असतं. तिथं विचार होत नाही. मग उरली पांढरी. नूरबीनं पांढरीला फेज दिला, झाकण लावलं, तार जोडून झटका पाहिला. झटका साजरा होता, हवा तसाच.

त्या आठवड्यात शेताची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची होती. रात्री मशीन चालायची, दिवसा तारेत काहीच नसायचं. सोमवारी पाळी बदलली आणि लाईन दिवसाची आली.

त्या सोमवारी सकाळी दहाला धम्मरत्न तारेखालचं गवत काढायला गेला. सव्वीस वर्षांचा, गुलाबरावांकडे रोजानं जाणारा. पोरगा हुशार होता, आधी त्यानं मोटारीच्या खोलीत जाऊन मशीनचं बटन बंद केलं. दिवा विझला. त्यानं ओल्या पाटात पाय रोवून खालची तार धरली. मग ती त्याला सोडता आली नाही. कापूस वेचणाऱ्या बाया ओरडत आल्या. एकीनं कपाशीचं झाड उपटून त्या पऱ्हाटीनं त्याच्या हातावर मारलं, पऱ्हाटी मोडली. कोणी धावत खोलीत जाऊन फ्यूजचा कटआऊट काढेपर्यंत त्याची बोटं तारेभोवती काळी पडली होती.

प्रेत गाडीत घालून दवाखान्यात नेलं. धम्मरत्नचा थोरला भाऊ सहदेव गाडीत चढला नाही. विहिरीच्या काठावर उकिडवा बसून तो त्या तारेकडे पाहत राहिला. आणि गुलाबरावांची माणसं जीप घेऊन बाजारात गेली.

गनीला त्यांनी दुकानातून केस धरून काढलं. जीपमध्ये मारलं, शेतात उतरवून मारलं. मोटारीच्या खोलीजवळच्या बाभळीला त्याचा डावा हात बांधला आणि उजवा हात दगडावर ठेवून त्यावर पाना घातला. तीन बोटं मोडल्याचा आवाज वेचणाऱ्या बायांपर्यंत गेला. त्यांनी तोंडं फिरवली.

"पोलीस येतीन तवा गुन्हेगार हजर पाह्यजे," गुलाबराव म्हणाले. "मशीन कोनं बनवली बे?"

"दुकान माहं हाय."

"दुकानाचं नाही इचारलं तुले."

गनीनं तोंडातलं रक्त थुंकलं. "बटन बंद होतं म्हंता न? बटन बंद असल्यावर तारेत करंट येत नाही. मशीन चोख हाय मालक. तुमच्या लायनीत काही असन."

"चोख हाय? मंग धर तार."

"धरतो. काऊन भेऊ? ज्या हातानं ते बांधली तो हात चुकत नाही."

कोणीतरी हसलं. गुलाबरावांनी खूण केली. एकानं खोलीत जाऊन कटआऊट परत बसवला, बटन बंदच ठेवलं. दोघांनी गनीला बाभळीवरून सोडलं आणि फरफटत तारेशी नेलं, त्याच ओल्या पाटात.

तेवढ्यात नूरबी बांधावरून आली. बाजारापासून पळत आलेली, एक चप्पल वाटेत राहिलेली. हातात सिरीज लॅम्प होता. होल्डरमधला बल्ब आणि त्याच्या दोन वायरी, बास.

"थांबा," ती म्हणाली. "त्यायनं तार धराच्या आंधी मले पाहू द्या."

"आता काय पाह्यतं?" गुलाबराव म्हणाले. "नवरा पाहून घे डोळे भरून."

"नूर, घरी जाय," गनी म्हणाला. "धरून दाखवतो यायले."

ती त्याच्याकडे न पाहता विहिरीच्या लोखंडी पाईपाशी बसली. एक वायर पाईपाला गुंडाळली. दुसरीचं टोक लांब धरून खालच्या तारेला टेकवलं.

बल्ब भगभगून लागला.

भर उन्हात तो सगळ्यांना दिसला. गनीचा उजवा हात तारेपासून वीतभर होता. त्याला धरलेले दोघे आपोआप मागे सरले. बटन बंद, दिवा विझलेला, आणि तारेत घरातल्या बोर्डाएवढा सलग करंट. नूरबीला तिथंच उमगलं. बटन काळ्या वायरीवर होतं. डबा ज्या मुलखातून आला तिथं काळी म्हणजे फेज. तिनं उलटं जोडलं म्हणून बटन न्यूट्रल तोडत होतं, आणि डब्याच्या अंगाला, त्याला बांधलेल्या खालच्या तारेला, पांढरीतून फेज मिळत होता. हिरवीला जोडायला शेतात अर्थच नव्हता. झटका मारताना हे कधी कळलंच नसतं. वायरी उलट्या असोत की सुलट्या, मशीन चालते.

गनी तिचा चेहरा वाचत होता. सतरा वर्षांचा सराव.

"वायरी मीच जोडल्या," तो पटकन म्हणाला. "मालक, मीच. तिले यातलं काही कळत नाही."

मग त्याच्यावर जे तुटून पडले ते मी इथं पूर्ण लिहीत नाही. मीही गावातलाच, बांधावर होतो आणि उतरलो नाही, एवढं लिहितो. दगड होते, जीपची लोखंडी टॉमी होती. गनी पाटात पालथा पडला आणि एकानं पायानं त्याचं तोंड चिखलात दाबलं.

"कटआऊट काढा," नूरबी म्हणाली. कोणी ऐकलं नाही. तिनंच खोलीत जाऊन तो उपटला, मशीन छातीशी धरून बाहेर आणली आणि सहदेवच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. झाकण उघडलं.

"सहदेवभाऊ, हा जोड पाहा. यावर दोरा गुंडाळेल हाय. सारे मिस्त्री टेप लावतात. दोरा मी लावतो, गावात दुसरं कोनी लावत नाही. काळी वायर मी न्यूट्रलले देल्ली, ते फेजची होती. माह्याच्यानं झालं. त्यायनं मशीनले हातबी नाही लावला."

"नूर, चूप बस," मान कशीबशी वळवून गनी चिखलातून म्हणाला. पायानं ते तोंड पुन्हा दाबलं.

"तुम्ही चूप बसा. आतापावतर तुम्हीच बोलले."

गुलाबराव पाना घेऊन तिच्याकडे आले. सहदेव उठला. त्यानं त्यांच्या हातातून पाना काढून घेतला आणि विहिरीत टाकला. मग वळून नूरबीच्या तोंडावर उघड्या हाताची अशी ठेवली की ती मशीनवरच कोसळली. डब्याच्या कडेनं तिची भिवई फाटली. ती उठून बसली. त्यानं दुसऱ्यांदा हात उचलला, मग खाली घेतला.

"गनीले सोडा," तो म्हणाला.

"सोडा कसं?" गुलाबराव म्हणाले. "दोघायले बांधा. गावाले समजलं पाह्यजे."

"भाऊ माहा मेला. तुमचा नाही मेला."

गनीच्या तोंडावरचा पाय उचलला गेला. दोन बायांनी गनीला उताणा केला, त्याच्या नाकातला चिखल पदरानं काढला, तेव्हा त्याचा श्वास घरघरत सुरू झाला. नूरबीनं तो ऐकला. पुढची चार वर्षं खटल्याच्या तारखा, गनीची न मिटणारी तीन बोटं, रंगावर विश्वास सोडून प्रत्येक वायर लॅम्पनं पाहायची तिची नवी रीत, हे सगळं त्या श्वासावर उभं आहे.

"चाल ठाण्यावर," सहदेवनं तिला सांगितलं.

त्याच्या मोटारसायकलवर ती मागे बसली. ज्याचा भाऊ तिनं मारला त्याच्या खांद्याला धरायचं कसं, म्हणून तिनं सीटमागची लोखंडी कडी धरली. कपाशीच्या मधून गेलेली पांदणवाट खडबडीत होती. खड्ड्यागणिक तिच्या भिवईचं रक्त त्याच्या सदऱ्यावर उडत होतं. अर्ध्या वाटेत त्यानं गाडी हळू केली. मागे पाहिलं नाही.

"त्याले समजलं असन का?"

ती खोटं बोलू शकली असती. पण तिच्या तळव्यावरचे डाग तिला ठाऊक होते.

"हाव," ती म्हणाली. "समजते. हात सोडा वाटते न सुटत नाही. तेवढा येळ समजते."

सहदेवनं गाडी थांबवली, खाली उतरून शेताच्या धुऱ्यावर ओकला, तोंड पुसलं आणि पुन्हा किक मारली.