मच्छरदाणीतली धायटी

आत्या गेल्याचा फोन माहूरहून आला, तेव्हा लातूरला मी चहा पीत बसलो होतो. कप खाली ठेवला आणि कुणास ठाऊक का, पहिल्यांदा आठवली ती मच्छरदाणी...

मी ऐन तरुण होतो तेव्हाची गोष्ट. लातूर जिल्हा नवा झाला होता, नव्या कचेरीत मी कारकून लागलो होतो आणि शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. त्यात दुष्काळ. आत्या माहूरच्या डोंगरावरच्या धायटीची लाल फुलं तोडून वैद्यांना विकायची, त्यावरच तिची चूल पेटायची. त्या साली लोकांनी सरपणाला झुडपंच तोडून नेली, उतार बोडका झाला. आत्यानं ठरवलं, उरलेल्यातल्या एका झुडपाचं फूल तोडायचं नाही, बी धरायचं आणि पावसाआधी उतारावर टाकायचं.

मी सुट्टीला गेलो तर त्या झुडपावर शिंजीर तुटून पडलेले. अंगठ्याएवढं पाखरू, वाकडी चोच या फुलात खुपसायचं, मग त्या फुलात. मला वाटलं, हे चोर फुलांचा नास करणार. लातूरहून नेलेली मच्छरदाणी मी झुडपावर टाकली, कडा दगडांनी दाबल्या. येऊ दे की पाखरं, बाबू, असं आत्या म्हणत होती. मी पुस्तकातलं काहीबाही सांगून तिला गप्प केलं.

उन्हाळ्यात मच्छरदाणी काढली तर बोंडं पोचट. ओढ्याकडचं एक वेडंवाकडं झुडूप मात्र बियांनी ठच्च भरलेलं. त्यावर शिंजीर दिवसभर नाचायचे. त्यांच्या कपाळाला माखलेला पिवळा पराग फुलाफुलांत जात होता, हे मला तेव्हा उमगलं. एवढंसं पाखरू आख्खा डोंगर पेरून राहिलं होतं, आणि मी त्याच्याच तोंडावर दार लावलं! लाजेनं मान वर होईना. आत्या रागावली नाही. ओढ्याकडचं मूठभर बी तिनं उतारावर टाकलं आणि पुढं दरसाल एक झुडूप पाखरांसाठी उघडं सोडलं. त्याला कुणी हात लावला की तिच्या शिव्या थेट रस्त्यापर्यंत ऐकू यायच्या.

परवा आत्याच्या पुण्यानुमोदनाला माहूरला गेलो. तो उतार वरपासून खालपर्यंत लाल... निघताना तिच्या सुनेनं पेटीतून वाळल्या बोंडांची पुरचुंडी काढून दिली.

"सासूबाई सांगून गेल्या, बाबूनं एक साल बुडवलं हाय, ते त्याच्याच हातानं पेरू द्या."

पुरचुंडीचं कापड मी ओळखलं. आता ती माझ्या खिडकीत टांगली आहे. मिरगाच्या आधी माहूरला जायचंय. या खेपेला झाकायचं म्हटलं तरी जमायचं नाही. माझी मच्छरदाणी आत्यानं कधीच कापून टाकली.