हसरा चेहरा कुणी दाबला?

मंडळी, आज पाचोडहून परतल्यापासून स्वतःचीच लाज वाटतेय.

मी समुपदेशक आहे. गावाकडच्या उदास, खचलेल्या मुलामुलींसाठी आमचं एक ॲप आहे. ते रोज विचारतं, "आज कसं वाटतंय?" मुलांनी हसरा किंवा रडका चेहरा दाबायचा. दहावीतल्या एका मुलीचे महिनाभर हसरेच चेहरे येत होते. मीटिंगमध्ये मी तिचं उदाहरणही दिलं.

आज कौतुक करायला तिच्या घरी गेले, तर पोरगी भिंतीकडं तोंड करून पडलेली. आई म्हणाली, "लई दिवस झाले, धड जेवत नाय."

"मग ॲपवर?"

वाळूजला कंपनीत जाणारा तिचा भाऊ आज घरीच होता. ओशाळून म्हणाला, "फोन माझा हाय मॅडम. बसमध्ये मीच हसरा दाबतो. रडका दाबला तर तुम्ही घरी याल, गावात बोभाटा होईल, असं वाटलं."

त्याला काय दोष देऊ? फोन कुणाचा, हे मीच कधी विचारलं नव्हतं.

उद्या आम्ही तिला डॉक्टरांकडं नेतोय. मी निघताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्हाला ते खरं वाटलं?"

वाटलं होतं. इतकं खरं, की महिनाभर तिला एकदा भेटून यावंसंही वाटलं नाही.