हिशेबाबाहेरची घरघंटी

“फसवलंत मला! शनिवारी आलो तर पंखा फिरेना!” पुण्याचा बंगलेवाला असा ओरडला की तिकडे ओतूरच्या स्टँडवरून निघालेली एसटी थांबली. माझं टाळकं सटकलं. जुन्नरच्या डोंगरात, जिथे विजेची तारच नाही, तिथे चार दिवे, दोन पंखे नि फ्रीज किती तास चालणार ते मांडून मीच त्याच्या बंगल्यावर सोलर बसवलं होतं. सूर्य चुकेल, माझा हिशेब नाही! तरातरा मागच्या पडवीत गेलो, तर नाचणीच्या पिठाचा घमघमाट. सगळ्या बॅटऱ्या पिऊन गप्प बसलेली घरघंटी, आणि तिच्यापुढे अख्ख्या वाडीचे डबे रांगेत! “मावशी, माझं नाव बुडवलंत!” मी बंगला राखणाऱ्या बाईंवर गरजलो. नाचणीची भाकरी ताटात आली की आजही मी तापतो. मावशींनी पदरानं पीठ झटकलं नि म्हणाल्या, “भाऊ, मालक हप्त्यातनं दोनच दिस येत्यात. ऊन रोजच पडतंय.”